बिनऔषधाची सुई

सुई म्हटली की आपल्याला इंजेक्शन आठवते. ताप आला, अंग मोडून आले, की खेड्यातली म्हातारीसुद्धा म्हणते, "डॉक्टर, एक सुई द्या की!" मी निगडीस राहतो. इथून जवळच पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढल्याच वर्षी तिथे पेनिसिलीन होऊ लागले. तेव्हा औषधाची सुई आमच्या ओळखीची. आज सांगायचे आहे ते मात्र औषध नसलेल्या सुईबद्दल, ॲक्युपंक्चरबद्दल. केसासारखी बारीक सुई ठरावीक जागी टोचायची, थोडा वेळ तशीच ठेवायची नि काढून घ्यायची. आत काही सोडायचे नाही.

ही विद्या चीनची, दोन हजार वर्षांची तरी जुनी. ती आपल्याकडे आणली कोणी? पटकन नाव येते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. लुधियानाला त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चरचे रुग्णालयच आहे, तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. पण खरी हकीकत जरा निराळी. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा, १९३८ साली, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. डॉ. अटल प्रमुख; त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर, आपले कोटणीस, आणि डॉ. मुखर्जी व डॉ. बसू हे दोघे बंगाली. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. सुई आणली ती त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी. पुढे ते पुन्हा चीनला गेले असता स्वतःच्या सायनसच्या दुखण्यावर त्यांनी हा उपचार करून घेतला, गुण आला, म्हणून शिकून घेतला, आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुरू केला. म्हणजे आपल्याकडचा पहिला मोठा प्रचारक आधी रोगी होता!

आज याचा प्रसार किती? जागतिक आरोग्य संघटनेला माहिती देणाऱ्या १२९ देशांपैकी १०३ देशांत ॲक्युपंक्चर चालत असल्याचे २०१३ च्या सुमारास नोंदले गेले. अमेरिकेत २००७ च्या पाहणीत वर्षभरात सुमारे ३१ लाख प्रौढांनी ते घेतले होते, आणि पहिले कारण होते पाठदुखी. आपल्या राज्यानेही याकरिता २०१५ चा वेगळा कायदा केला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

माझ्या शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. उभा जन्म यंत्रापुढे वाकून गेला, कंबर धरली. ते सुया टोचून घेतात. मी विचारले, "काका, विश्वास आहे का हो तुमचा?" म्हणाले, "विश्वास कसला, सर! गोळ्यांनी पोट जळतं, ऑपरेशनची भीती वाटते. मग राहिलं काय?" मला वाटते, चिनी तत्त्वज्ञान पटले म्हणून जाणारे थोडे, बाकीचे दुखणे उरले म्हणून जातात.

गुण येतो का? जर्मनीत २००७ साली कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा २७ जणांस बरे वाटले आणि सुया घेणाऱ्यांपैकी ४८ जणांस. पण गंमत पुढेच आहे. काहींना मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांतही ४४ जणांस बरे वाटले! मग गुण जागेचा, सुईचा, की कोणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष दिले त्याचा? पंडितांत अजून वाद आहे.

तुम्हांला जायचे असेल तर आधी दुखण्याचे कारण तपासून घ्या. पाठ मणक्याच्या क्षयानेही दुखते, आणि तो सुयांनी जात नाही. सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेले असावे. हे विचारायला संकोच नको.

आमच्या काकांचे म्हणाल, तर दहा खेपांनंतर ते सकाळी भक्ती-शक्ती चौकापर्यंत चालत जाऊ लागले आहेत. जिना उतरताना मात्र अजून कठडा धरतात, आणि रात्रीची एक गोळी काही सुटलेली नाही.