रिकाम्या घराचा राखणदार

घराच्या रक्षणासाठी मनुष्याने योजिलेल्या साधनांत वडीलकीचा मान कुलुपाला देण्याची चाल असली, तरी आपल्याकडे तो मान वस्तुतः अडसराचा आहे. जुन्या वाड्याच्या दरवाजामागे, भिंतीच्या जाडीत दिवसभर सरकवून ठेवलेले ते सागवानी लाकूड दिवेलागणीनंतर ओढून समोरच्या खोबणीत बसविले, की बाहेरून धडका देणाऱ्याचा खांदा निखळेल पण दार हलणार नाही, असा त्याचा बंदोबस्त असे. मात्र अडसर आतूनच लावावा लागतो, म्हणजे लावणारे माणूस घरात असावेच लागते. ज्या घरात आजी, आत्या, आजारी चुलते किंवा देवडीवरचा गडी यांपैकी कोणी ना कोणी सदैव असेच, तिथे ही उणीव कोणाला खुपली नाही; घर ओस टाकून जाण्याची पाळी ज्याच्यावर येते त्यालाच बाहेरून लागणारे साधन हवे असते, आणि कुलुपाची कुळकथा ही बऱ्याच अंशी अशा ओस घरांचीच हकीकत आहे.

कुलुपाचा फार जुना दाखला असिरियातील खोर्साबादच्या राजवाड्याच्या अवशेषांत सापडला. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील हे कुलूप लाकडी होते. वरच्या ठोकळ्यातील खुंट्या आपल्या भाराने खाली पडून सरकत्या दांड्याच्या भोकांत अडकत, आणि दातेरी लाकडी किल्लीने त्या सगळ्या एकदम उचलल्या तरच दांडा मोकळा होई. ही कल्पना इतकी चोख असताना मध्ययुगीन युरोपातील लोहारांनी ती बाजूस सारून, कुलुपाच्या पोटात नुसते अडथळे रचण्याचा मार्ग का पत्करला हे एक नवलच आहे. कारण किल्लीचे दाते कानशीने घासून बारीक केले की असे अडथळे चुकवता येतात, हे चोरांना कारागिरांच्या आधी उमगले होते.

पुढे 1778 साली लंडनच्या रॉबर्ट बॅरन याने कुलुपात तरफा बसविल्या. पितळेची ही पाने प्रत्येकी ठरावीक उंचीवर, न कमी न अधिक, उचलली गेली तरच दांड्याला वाट मिळते. 1817 साली पोर्ट्‌स्‌मथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली, तेव्हा सरकारने अभेद्य कुलुपासाठी इनाम जाहीर केले, आणि दुसऱ्याच वर्षी जेरेमाया चब याने असे कुलूप काढले की परक्या हत्याराने एखादी तरफ जरा जास्त उचलली की ते अडकून बसे आणि मालकाला आपल्या गैरहजेरीतील उद्योगाची खबर देई. राखणदाराने चुगलीही करावी ही तजवीज मला सर्वांत बुद्धिमान वाटते. आजची धोक्याची घंटा आणि दारावरचा कॅमेरा ही तिचीच संतती म्हणायची. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाचे कुलूप, उघडून दाखविणाराला दोनशे गिनींचे आव्हान देत, वर्षानुवर्षे दुकानाच्या खिडकीत विराजमान होते. तिथल्याच 1851 च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नामक अमेरिकन कारागिराने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत, आणि ब्रामाचे सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून उघडले. गुपिते चव्हाट्यावर आणल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली. परंतु ती चोरांना आधीच ठाऊक असतात, अंधारात असतो तो गृहस्थ, हा त्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. त्याच शतकाच्या मध्यास लायनस येल या पितापुत्रांनी तीच पुरातन खुंट्यांची युक्ती पितळी नळीत आणली, आणि चपटी किल्ली खिशात मावू लागली.

आपल्याकडे मुंबईत 1897 साली, वकिली सोडलेल्या अर्देशर गोदरेज यांनी, शहरातील घरफोड्यांच्या बातम्या वाचून, कुलुपांचा कारखाना काढला तो लालबागेत. भोवतालच्या गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने इतकी माणसे निजत, की खोली क्वचितच रिकामी राही. तिथे कुलूप दारापेक्षा ज्याच्या त्याच्या ट्रंकेला अधिक लागे. दाराच्या कुलुपाचे खरे दिवस आले ते नवराबायको दोघेही नोकरीला निघू लागल्यावर.

तरीही लोकांची सारी भिस्त कुलुपाच्या वजनावर असते. लावल्यावर तीनदा ओढून पाहतात. पण ज्या कोयंड्यात ते अडकवले त्याचे स्क्रू बाहेरून फिरतात की नाही, हे पाहत नाहीत. चोर सहसा कुलुपाशी झटत बसत नाही, पहारीने कोयंडा उचकटतो. म्हणून कोयंड्याला आरपार बोल्ट घालून नट आतून आवळावा, चौकट भिंतीत पक्की आहे ना ते पाहावे, आणि जमल्यास दाराच्या पोटात बसणारे कुलूप घ्यावे, कारण बाहेर लोंबणारे कुलूप मालक गावी गेल्याची वर्दी साऱ्या रस्त्याला देते. बोटाचा ठसा ओळखणारे नवे कुलूप बसवले, तरी सेल संपल्यास उपयोगी पडावी म्हणून त्यासोबत बहुधा एक साधी किल्ली मिळते. ती घरातच ठेवून बाहेर पडू नये, शेजारच्या काकूंकडे द्यावी.