लाखोळी डाळीची बंदी : अन्नमानक बदलताना काय तपासले जाते

जबलपूरहून कटनीकडे जाताना स्लीमनाबाद लागते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम स्लीमनचे नाव या गावाला आहे. अन्नसुरक्षेच्या इतिहासातही त्याची एक नोंद आहे, ती मात्र फारशी वाचली जात नाही. 1844 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने सागर भागातील एका गावाची हकीकत दिली आहे. तिथे 1829 मध्ये गारपीट झाली, 1830 मध्ये पाऊस अपुरा पडला आणि 1831 मध्ये गव्हावर रोग आला. गहू गेला, पण शेतात आपोआप उगवणारा तिवडा तरारला, आणि लोकांनी तोच खाल्ला. 1833 पासून तिशीच्या आतील माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. दोन वर्षांत गावातील सुमारे निम्म्या तरुण स्त्री-पुरुषांना हा विकार जडला.

तिवडा म्हणजेच खेसारी, आणि विदर्भात लाख किंवा लाखोळी. भात कापण्याआधी ओल्या बांधीत बी फेकले की पीक येते. नांगरट लागत नाही, पाणी लागत नाही. म्हणूनच ते गरिबाचे पीक, आणि म्हणूनच दुष्काळात ताटात उरते ते तेवढेच. रीवा भागात तर वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. लुळेपणा कुणाच्या वाट्याला आला हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

1961 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, बीमधील विषारी अमिनो आम्ल, म्हणजे ओडॅप, वेगळे काढले गेले ते 1964 मध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी ते काम केले. म्हणजे बंदी रसायनशास्त्राच्या आधी आली, ती रुग्णांच्या पाहणीवर. मला हे योग्यच वाटते. रेणू सापडेपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. दुसरी, नियमाने बंदी घातली विक्रीवर, पेरणीवर नाही. आणि बंदी कोणत्या तारखेपासून, हे ठरवायचे राज्यांनी. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल या मुख्य उत्पादक राज्यांनी ती दीर्घकाळ लागूच केली नाही.

महाराष्ट्रात बंदी लागू होती. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली. अखेर 2008 मध्ये राज्याने बंदी उठवली.

आता समजा, अशी मागणी तुमच्यासमोर आली आहे. 2006 च्या कायद्याने अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण स्थापन झाले. वैज्ञानिक पॅनेल, मग वैज्ञानिक समिती, मग मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती, केंद्र सरकारची मंजुरी आणि शेवटी संसदेच्या पटलावर, असा साधारण मार्ग आहे. पण खरा प्रश्न पॅनेलच्या टेबलावरच सुटतो किंवा अडतो. पदार्थात विष आहे का, एवढे विचारून भागत नाही. कोण, किती आणि किती दिवस खातो, हे विचारावे लागते. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळीचा असेल आणि ते दोन-तीन महिने सलग चालले, तर धोका उभा राहतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले, तर विष बरेच कमी होते. मिश्र आहारात अधूनमधून खाणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. बंदीविरोधकांचा मुद्दा इथे बळकट आहे.

दुसरा मुद्दा बियाण्याचा. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ओडॅप कमी आहे. प्रतीक आणि महातिवडा रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे. ते विद्यापीठ 1987 मध्ये आमच्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठातूनच वेगळे झाले. पण शेतात वाण एकमेकांत मिसळतात आणि पाण्याचा ताण पडला की ओडॅपचे प्रमाण वाढू शकते. म्हणजे नेमक्या दुष्काळात, जेव्हा लोक हेच जास्त खातील, तेव्हा. अभियांत्रिकीत आपण सुरक्षा-गुणक सर्वांत वाईट भार धरून काढतो, सरासरी भार धरून नाही. इथेही सरासरी ताट धरून चालणार नाही.

शिवाय मोंढ्यात आलेल्या पोत्यात कमी विषाचे बी आहे की जुने, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. बेसनात दळल्यावर तर लाखोळी आहे की हरभरा, हेही प्रयोगशाळेलाच विचारावे लागते.