दहा सहस्रांश इंचांचा इतिहास

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर, नागलीच्या शेतातल्या माळ्याखाली, मी ठासणीची बंदूक पहिल्यांदा जवळून पाहिली. परवान्याची होती, रानडुकरे पिटाळण्यापुरती. ‘बिघडली तर काय करता?’ असे विचारल्यावर म्हातारबाबा म्हणाले, ‘लोहार हाय की.’ पुढे एका निवृत्त पोलीस आर्मोररना मी हाच प्रश्न .३०३ रायफलबद्दल विचारला. ‘लोहाराकडे गेज कुठे असते?’ एवढेच ते म्हणाले. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, त्याचा हा शोध.

ठासणीच्या बंदुकीची नळी मागच्या टोकाला कायमची बंद असते. दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून भरायचे आणि गजाने ठासायचे. बार उडताना मागे येणारा धक्का न उघडणाऱ्या भिंतीवर आदळतो. मागून काडतूस भरण्याची बंदूक आली आणि या भिंतीचे दार झाले. ते प्रत्येक बाराला उघडायचे आणि तितक्याच घट्टपणे मिटायचे. .३०३ मध्ये हे दार म्हणजे बोल्ट.

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती नळीच्या तोंडाशी टेकते आणि मागून बोल्ट तिला आधार देतो. नळीचे तोंड आणि बोल्टचा चेहरा यांच्यात कडेसाठी राहणारी जागा म्हणजे हेडस्पेस. लष्करी मोजमापात ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटलाच पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर मिटता कामा नये. फरक दहा सहस्रांश इंचांचा, म्हणजे पाव मिलिमीटर. वहीची दोन-तीन पाने. जागा कमी पडली तर बोल्ट लागत नाही. जास्त झाली तर पितळी काडतूस ताणले जाते, बुडाजवळ तुटते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे उलटतो.

आर्मोररची खरी परीक्षा येथेच होई. बोल्टच्या मागच्या भागातले दोन्ही आधार आपापल्या खोबणीत सारखे टेकायला हवेत. एकच टेकला तर सारा भार त्याच्यावर येतो. म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलला जुळवला जाई आणि त्यावर तिचा क्रमांक ठोकला जाई. एका रायफलचा बोल्ट दुसरीत घालणे हा धोका असे. बोल्टचे डोके मात्र वेगळे, आट्यांनी बसवलेले. जागा वाढली की आर्मोरर किंचित लांब डोके शोधून लावत आणि पुन्हा गेज घालून पाहत. पुढच्या ‘नंबर ४’ रायफलसाठी तर ही डोकी ० ते ३ अशा क्रमांकांचीच असत.

म्हणजे एका बाराच्या मागे किती ठिकाणे उभी होती पाहा. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तेथे.३०३ ची काडतुसे बनत. रायफली बनत बंगालमध्ये इशापूरला. खडकीच्या काडतुसाची कड आणि इशापूरच्या बोल्टचा चेहरा कोणत्याही ठाण्यात भेटले, तरी त्यांच्यातली जागा ठरलेलीच हवी. ही भेट भट्टी, हातोडा आणि कानस यांच्या भरवशावर घडत नाही.

मग बंदूक गावाच्या हातून यंत्राने काढून घेतली, असे म्हणावे काय? मलाही काही काळ तसेच वाटत होते. पण कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर हाताने ली-एनफिल्डच्या नकला करत आले. पोलादाची आणि जुळणीची खात्री नसे, पण कारागिरी होती. तो आझाद टोळ्यांचा मुलूख होता. इंग्रजांचा कायदा तेथे पोहोचत नव्हता. ठाणे जिल्ह्यात तो पोहोचत होता.

१८५७ ला ठिणगी पडली ती एनफिल्डच्या काडतुसांवरून, आणि ती एनफिल्डही ठासणीचीच होती. त्यानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोजिरापेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवण्याचे धोरण आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्याखाली आणले. तेव्हा जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि शेजारचे मोखाडे इंग्रजी अमलातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. शेतात घुसणाऱ्या डुकराला ही हद्द ठाऊक नव्हती. माणसाला ती ठाऊक असणे भाग होते.

या अंतराची किंमत कधी रक्तानेही मोजली गेली. ऑक्टोबर १९४५ मध्ये, गोदूताई परुळेकरांवर जमीनदारांचे गुंड चालून येणार अशा खोट्या आवईने तलवाड्याला वारली जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. जमलेल्यांकडे होत्या काठ्या आणि कोयते.

१९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५९ चा शस्त्र कायदा स्वतंत्र भारताचा. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी, तीही बिनआट्यांच्या नळीची, मिळू शकते. शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती न उघडणारी भिंत. उघडमीट करणारे दार सहसा सरकारकडेच राहिले.

मला ठासणीचे गोडवे गायचे नाहीत. चुकीच्या भरणीने तिचीही नळी फुटते, आणि गेजच्या शिस्तीने कित्येक शिपायांचे डोळे वाचवले आहेत. सांगायचे ते इतकेच: हत्यार कोणाचे हे परवान्यावर लिहिलेले असते, पण ते कोणावाचून अडते हे दुरुस्तीच्या वेळी कळते. म्हातारबाबांचे लोहारावाचून अडत होते, आणि लोहार पाड्यावरच होता. .३०३ चे अडत होते गेजवाचून, आणि गेज शस्त्रागाराच्या कुलपात होते.