ढगातला थेंब मोजायचा कसा?

जुलै महिन्यात अकोटकडे गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'आभाय तं भरून आलं, पन पानी काई पडत नाई.' उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी खारट, पिकाला देऊन चालत नाही. म्हणजे कपाशीची सगळी मदार आभाळावर. पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, आणि तिचा खर्च पुन्हा कर्जातून.

मग तेवढाच काळा ढग एकदा बरसतो आणि एकदा कोरडाच निघून जातो, हे कसं? बरंचसं उत्तर थेंबांच्या आकारात आहे. ढगातल्या थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन, पावसाच्या थेंबाची १ मिलिमीटर. म्हणजे एका पावसाच्या थेंबाला असे दहा लाख थेंब लागतात! नुसतं वाफेचं पाणी होऊन हे जमत नाही, थेंब एकमेकांवर आदळून मिसळावे लागतात. ढगमाथ्यावरची त्रिज्या १४ मायक्रॉनच्या आसपास गेली की या कामाला वेग येतो.

पुण्याच्या आयआयटीएमने १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत बारामती भागात विमानातून ढगांत मीठ फवारलं, ते याच कारणासाठी. पाऊस सरासरी २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. पण थेंब बघायचा तर ढगात विमान घालावं लागे. १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला, पण त्याचे डोळे दोनच: दृश्य आणि अवरक्त. ढग कुठे आहे आणि माथा किती थंड, एवढंच कळायचं.

युक्ती नीट मांडली १९९० मध्ये, नाकाजिमा आणि किंग यांनी. दृश्य प्रकाशातली चमक मुख्यतः ढगाच्या जाडीवर ठरते. पण २ ते ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाणी प्रकाश शोषतं, आणि मोठा थेंब जास्त शोषतो, म्हणून ढग काळसर दिसतो. दोन आकडे, दोन अज्ञातं. आधी गणिताने मोठा तक्ता बनवायचा आणि दिसलेल्या चमकेवरून उलटं शोधायचं. आपल्या भाषेत रिव्हर्स लुकअप! १९९८ मध्ये रोझेनफेल्ड आणि लेन्स्की यांनी पुढची पायरी गाठली: एकाच चित्रातले लहान-मोठे ढग म्हणजे जणू एकाच ढगाचं बालपण आणि तारुण्य. उंचीबरोबर थेंब किती भराभर वाढतात ते त्यातून वाचता येतं.

भारतात २००९ पासून कायपीक्स मोहिमेत विमानांनी ढगांत शिरून थेट मोजमापं घेतली. २०१३च्या इन्सॅट-३डीवर १.६ आणि ३.९ मायक्रॉनचे डोळे आले. २०१६चा ३डीआर आणि २०२४चा ३डीएस हे त्याचेच वारसदार. २०१८-१९ मध्ये सोलापुरात ढग निवडून बीजारोपण केलं, तेव्हा पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. उपग्रहाला ढगाचा फक्त माथा दिसतो. आणि ३.९ मायक्रॉनच्या चित्रातला एक ठिपका साधारण ४ किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास चार हजार एकर. अकोटचा पाच एकरवाला त्यात कुठे शोधायचा?

शिवाय मीठ फवारायला आधी ढग तर हवा. ढगच नसेल, तर तक्ता कितीही मोठा असो, त्यातून पाणी निघत नाही.