कौटिलीयांतील कन्यादूषण आणि भरपाईचें द्रव्य

तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून त्यांतील मंडलसिद्धान्त, गूढपुरुष, दुर्गरचना व करपद्धति यांवर विपुल लिहिलें गेलें आहे. अल्पवयीन मुलीवर अत्याचार करणाऱ्यास त्या ग्रंथांत काय दंड सांगितला आहे, हेंही अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु त्या मुलीच्या पदरांत काय पडे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत तेवढाच प्रश्न घेतला आहे. विषय अप्रिय खरा. परंतु शास्त्रकारांनीं जो टाळला नाहीं, तो आपण टाळण्याचें कारण दिसत नाहीं.

प्रथम वयाची मर्यादा पाहूं. कौटिल्याच्या मतें मुलगी बाराव्या वर्षीं व मुलगा सोळाव्या वर्षीं ‘प्राप्तव्यवहार’ होतो. त्यापूर्वीं तो बाल. चौथ्या म्हणजे कंटकशोधन अधिकरणांत बाराव्या अध्यायांत ‘कन्याप्रकर्म’ हें प्रकरण आहे. ऋतुप्राप्त न झालेल्या सवर्ण कन्येस दूषित करणाराचा हात तोडावा किंवा त्यास चारशें पण दंड करावा, ती मेल्यास त्यास देहान्त द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. ऋतुप्राप्त कन्येच्या बाबतींत दोन बोटें किंवा दोनशें पण दंड, आणि शिवाय पित्यास ‘अवहीन’ म्हणजे नुकसानीची भरपाई. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, भरपाईचा शब्द दुसऱ्या वाक्यानंतर येतो, पहिल्यानंतर नाहीं. आणि येतो तोही पित्याच्या नांवानें. अकामा कन्येवर अपराध्यास कोणताही हक्क प्राप्त होत नाहीं, एवढें मात्र ग्रंथकार स्पष्ट बजावतो. मुलाविषयीं तर पुढील अध्यायांत केवळ पूर्वसाहस दंड आहे, भरपाईचें नांवही नाहीं.

एवढ्यावरच थांबलें तर कौटिल्यानें मुलीस पित्याच्या मालमत्तेंत गणलें, असा निष्कर्ष निघेल, व तो पुष्कळांनीं काढलाही आहे. परंतु धर्मस्थीय नांवाचें तिसरें अधिकरण, ज्यास आपण स्थूलमानानें दिवाणी म्हणूं, तें उघडल्यास निराळें चित्र दिसतें. त्यांतील तेरावा अध्याय दास व आहितक म्हणजे गहाण पडलेलीं माणसें यांविषयीं आहे. आर्याच्या अप्राप्तव्यवहार मुलास विकणाऱ्या वा गहाण टाकणाऱ्या स्वजनास वर्णानुसार बारापासून अठ्ठेचाळीस पणांपर्यंत दंड आहे. कुळावर आपत्ति आल्यास गहाण टाकण्याची मुभा आहे. परंतु सोडवणुकीचें द्रव्य हातीं येतांच आधीं बालकास सोडवावें, असा निर्बंध आहे. आणि गहाण असलेल्या कन्येस धनकोनें स्वतः दूषित केलें किंवा दुसऱ्याकडून करविलें, तर तीन गोष्टी घडतात: त्याचें मूळ द्रव्य बुडतें, त्यास शुल्क द्यावें लागतें, आणि शुल्काच्या दुप्पट दंड राजास भरावा लागतो. ‘दुसऱ्याकडून करविलें’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलीस दुसऱ्याच्या हवालीं करून नामानिराळा राहणारा सावकार ग्रंथकाराच्या नजरेंतून सुटलेला नाहीं. आणि कर्ज बुडालें म्हणजे गहाणही सुटलें. मुलगी मोकळी झाली. हातपाय तोडण्याच्या शिक्षेपेक्षां या मुक्ततेचा तिला अधिक उपयोग होता.

आतां हें शुल्क कोणास मिळे? सूत्रांत घेणाराचें नांव नाहीं. त्याच अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत विवाहधर्म आहे. तेथें धर्म्य म्हटलेल्या पहिल्या चार विवाहांखेरीज इतरांत आईबाप दोघेही कन्येचें शुल्क घेतात, एक नसेल तर दुसरें घेतें, असें म्हटलें आहे. पुढील लहानशा वाक्यावर मात्र मतभेद आहे. शामशास्त्री यांच्या भाषांतराप्रमाणें आईबाप दोघेही हयात नसल्यास शुल्क त्या मुलीनें स्वतः घ्यावें. रा. पं. कंगले यांच्या १९६० च्या मुंबई विद्यापीठाच्या आवृत्तींत ‘द्वितीय’ असा पाठ आहे, म्हणजे दुसऱ्यांदा येणारें शुल्क स्त्रीनें घ्यावें. पोथ्या हाताळणाऱ्यांस याचें कारण सांगावयास नको. आधीचें पद ‘वा’ आहे. जुन्या लेखनांत अवग्रह नसला तर ‘वा अद्वितीयं’ आणि ‘वा द्वितीयं’ हीं दोन्ही अक्षरशः एकच दिसतात. एका अकारावर एका अनाथ मुलीचा हक्क टांगलेला आहे!

प्रस्तुत लेखकास शामशास्त्री यांचा अर्थ प्रसंगास अधिक जुळता वाटतो, कारण आदलें वाक्य आईबापांच्या अभावाचेंच आहे. कंगले यांचा पाठ घेतला तरी गहाण पडलेल्या कन्येच्या शुल्काविषयीं शंका राहूं नये. तिला गहाण टाकणारा बहुधा पिताच. त्याचें कर्ज आधींच बुडालें. वर शुल्कही त्यालाच द्यावें, तर मुलीच्या दुर्दैवावर बापानें दोनदां लाभ घेतल्यासारखें होईल. शिवाय दासदासींच्या अदासी कन्येस दूषित करणाऱ्यानें चोवीस पण दंडाखेरीज शुल्क व ‘आबन्ध्य’ द्यावें, असें चौथ्या अधिकरणांत आहे. आबन्ध्य म्हणजे अंगावरील अलंकार. आणि तिसऱ्या अधिकरणांत स्त्रीधनाचे जे दोन प्रकार सांगितले आहेत, वृत्ति आणि आबन्ध्य, त्यांतला हा एक. म्हणजे तें द्रव्य कन्येचेंच. उलट गणिकेच्या कन्येबाबत चौपन्न पण दंड व भोगाच्या सोळापट रक्कम, ती मात्र आईस, असें स्पष्ट म्हटलें आहे. जेथें दुसऱ्यास द्यावयाचें तेथें ग्रंथकार त्याचें नांव घेतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. येथेंच हेंही सांगितलें पाहिजे कीं, चारशें पणांपुढें चोवीस पण ठेवले म्हणजे या न्यायांतील उच्चनीचता झाकतां येत नाहीं. ती झांकण्याचें कारणही नाहीं.

मुलीनें तक्रार केव्हां करावी? लहानपणीं बोलतां येत नाहीं, आणि बोलतां येऊं लागेपर्यंत मुदत सरलेली असते, ही अडचण आजच्या विधिज्ञांस फार छळते. भारताच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें अज्ञानास सवलत दिली आहे. परंतु सज्ञान झाल्यावर ती तीन वर्षांपलीकडे जात नाहीं. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं कायदा करून बालपणीं अत्याचार झालेल्यांस पंचावन्नाव्या वर्षापर्यंत दिवाणी दावा आणण्याची मोकळीक दिली, व मुदत संपलेल्या जुन्या दाव्यांसही कांहीं काळ दार उघडलें. आपल्याकडील २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें विशेष न्यायालयास शिक्षेखेरीज मुलास भरपाई देवविण्याचा अधिकार दिला आहे, व तेथें मुलगा मुलगी असा भेद नाहीं. कौटिल्य दहा वर्षें उपेक्षिलेली मालमत्ता गेली असें मानतो. परंतु बाल, वृद्ध, व्याधित इत्यादिकांस त्यांतून वगळतो. आणि तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत तर धर्मस्थांस आज्ञा आहे कीं, स्त्रिया, बालकें व अनाथ हीं स्वतः न्यायसभेंत येत नसलीं तरी त्यांचीं कार्यें धर्मस्थांनींच चालवावीं, आणि देश, काळ वा भोग यांचें निमित्त करून तीं बुडवूं नयेत. मालमत्तेच्या सवलतीहून हें वाक्य पुष्कळ व्यापक आहे. कन्याप्रकर्माचे दावे त्यांतून वगळल्याचें ग्रंथांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

आपल्या दप्तरांकडे वळूं. पेशवाईच्या जमाखर्चांत ‘गुन्हेगारी’ व ‘बदअंमल’ या सदरांखालीं अशा प्रकरणांची रक्कम सरकारांत जमा धरलेली आढळते. ज्यांच्या संग्रहीं परगण्यांचे किंवा कोतवाल चावडीचे ताळेबंद असतील, त्यांनीं या सदरांबरोबर खर्चाची बाजूही पहावी. कोणा मुलीस वा तिच्या आईस लुगडें, नक्त रक्कम किंवा वर्षासन दिल्याची नोंद सांपडल्यास तिची अस्सल नक्कल, साल व ठिकाण यांसह, मंडळाकडे पाठवावी.