ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे काय? क्लाउडमधले फोटो नेमके कसे साठवले जातात?

मिरज-सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर वेगळा सांगायला नको. पाणी घरात शिरलं की कपाटातल्या कागदांसोबत टेबलाखालचा कॉम्प्युटरही जातो, आणि हार्ड डिस्कमधले लग्नाचे फोटोही. मग क्लाउडवर ठेवलेला फोटो कसा वाचतो? त्यासाठी ऑब्जेक्ट स्टोरेज समजून घेऊया.

ऑब्जेक्ट म्हणजे काय?

तुमच्या फोनमध्ये फाइल एखाद्या फोल्डरमध्ये असते. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये एक मोठा डबा असतो, त्याला 'बकेट' म्हणतात. त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. त्याचे तीन भाग असतात:

१. डेटा: फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ.
२. की: त्या बकेटमधलं त्याचं एकमेव नाव. उदा. 'मिरज/उरूस/००१.जेपीजी'. हे फोल्डरसारखं दिसतं, पण हे सगळं मिळून एकच नाव असतं.
३. मेटाडेटा: फाइलचा प्रकार, आकार, तारीख अशी माहिती.

हे काम कसं करतं?

रेल्वे स्टेशनवरची क्लोकरूम आठवा. बॅग दिली, पावती घेतली. बॅग कुठल्या फळीवर ठेवली, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. पावती दाखवली की बॅग हातात! इथे 'की' म्हणजे ती पावती.

ऑब्जेक्टचा मधलाच तुकडा सहसा बदलता येत नाही. बदल करायचा तर पूर्ण ऑब्जेक्ट नव्याने अपलोड करावा लागतो. म्हणून फोटो, व्हिडिओ, बॅकअप, हॉस्पिटलमधले सीटी स्कॅन यांच्यासाठी ही पद्धत झकास. पण सतत बदलणाऱ्या बँक खात्याच्या नोंदींसाठी डेटाबेसच लागतो.

डेटा सुरक्षित कसा राहतो?

ॲमेझॉनची एस३ ही सेवा १४ मार्च २००६ रोजी सुरू झाली. कंपनीचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये आलं. एस३ च्या स्टँडर्ड प्रकारात डेटा एकमेकांपासून अंतरावर असलेल्या किमान तीन झोनमध्ये साठवला जातो. प्रत्येक झोनमध्ये एक किंवा अनेक डेटा सेंटर असतात आणि त्यांची वीजव्यवस्था वेगळी असते. एका ठिकाणी पाणी शिरलं तरी बाकीची चालू राहतात. कंपनीच्या हिशोबाने १ कोटी ऑब्जेक्ट ठेवले, तर सरासरी १०,००० वर्षांत एखादा हरवेल.

मग काळजी कसली?

हा हिशोब डिस्क बिघडण्याचा आहे, तुमच्या बोटाचा नाही. तुम्ही 'डिलीट' दाबलं, तर सिस्टीम तो हुकूम इमानदारीत सगळीकडे पाळते! म्हणून हे लक्षात ठेवा:

- गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. ६० दिवस तो 'बिन'मध्ये असतो, तेवढ्यात परत मिळवा.
- फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर 'फ्री अप स्पेस' वापरा.
- स्वतः बकेट बनवत असाल, तर 'व्हर्जनिंग' चालू करा, म्हणजे जुनी प्रत शिल्लक राहते. आणि बकेट 'पब्लिक' नाही ना, हे तपासा.
- पासवर्ड विसरलात किंवा खातं बंद पडलं, तर तीन झोनमधला डेटाही तुमच्या कामाचा नाही. रिकव्हरी नंबर आजच तपासा.

महत्त्वाच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर!