ओठाला ओठ न लावता रामकथा

मंडळी, आज आधी एक छोटा प्रयोग करू. ओठाला ओठ न लावता आपल्या चौलाबद्दल चार वाक्यं बोलून पाहा. म्हणजे प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं वर्ज्य. काय काय गेलं बघा. सुपारी गेली, माड गेला. नारळ राहिला, आंबा गेला. पापलेट गेलं, बोंबील गेला, कोळंबी गेली. हलवा तेवढा ताटात राहिला. रामेश्वराच्या देवळाचं नाव घेता येईना. या गावाची जुनी नावं काढावीत, तर टॉलेमीचं सिमुल्ला, अल्-मसूदीसारख्या अरबांचं सैमूर, पुराणातली चंपावती, सगळी बाद. व्याकरणकार आणखी कडक. उ आणि ऊ म्हणतानाही ओठांचं काम असतं, ओ आणि औमध्येही त्यांचा वाटा असतो, असं ते सांगतात. तो नियम लावला तर 'चौल' आणि 'चेऊल'सुद्धा गेलं. उरलं रेवतीक्षेत्र आणि शेजारचं रेवदंडा, तेही 'व'ला वरच्या दातांचा आधार आहे म्हणून चालवून घेतलं तर.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट खरी. पण एका मराठी कवीनं हाच नियम स्वतःवर लादून अख्खी रामकथा सांगितली आहे. मोरोपंत पराडकर. जन्म 1729, पन्हाळा. वसईच्या मोहिमेनंतर 1740 साली पोर्तुगीजांचं चौल मराठ्यांकडे आलं, तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा होता. पुढे बारामतीला बाबूराव नाईकांच्या आश्रयानं राहिला, पुराण सांगितलं, आर्या रचल्या आणि 1794 साली तिथेच वारला. परंपरेनं त्याच्या नावावर एकशे आठ रामायणं सांगतात. दामरामायणात एका आर्येचा शेवट पुढच्या आर्येच्या आरंभाला जोडलेला. मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरं गुंफलेली. आणि निरोष्ठरामायणात ओष्ठ्य वर्णच नाहीत.

शिकवत होतो त्या काळात आम्ही या रामायणांची यथेच्छ टिंगल केली, हे आधी कबूल करतो. तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यातून आनंदवर्धन वाचलेला. चित्रकाव्य हे खरं काव्य नव्हे, काव्याची नक्कल आहे, असं तो म्हणतो; मम्मटानं तर त्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवलं. ही आयती काठी हातात होती. वर्गात 'शब्दांची तालीम' म्हणायचं, मुलं हसायची, तास संपायचा. स्वतः लिहून पाहण्याचं कष्ट कधी घेतलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर एकदा घेतलं, आणि दोन दिवसांत गाडी अडली.

कुठे अडली? नायकाच्या नावावर. 'राम' म्हणताच ओठ मिटतात. रावण म्हणता येतं बरं का, राम म्हणता येत नाही! मग राघव म्हणा, दाशरथी म्हणा, सीताकांत म्हणा. पण ही नावं अदलाबदलीची नाहीत. 'दाशरथी' म्हटलं की वनात चाललेल्या माणसाच्या मागे अयोध्येतला म्हातारा उभा राहतो. 'सीताकांत' म्हटलं की पंचवटीतली रिकामी पर्णकुटी. राम हे नाव एकटं उभं राहू शकतं. बाकीची सगळी नावं कुणाचा तरी कुणीतरी म्हणून येतात. नियम पाळणाऱ्या कवीला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, या क्षणी हा कुणाचा कोण आहे. नियम नसता तर आम्ही 'राम' लिहून पुढे गेलो असतो.

भरताचं तर याहून अवघड. भरत म्हणता येत नाही. मग त्याला कैकेयीतनय म्हणावं लागतं. आणि ज्या माणसाला आपण कैकेयीचे मुलगे आहोत याचीच लाज वाटते, त्याला त्याच नावानं हाक मारायची! नंदिग्रामचा प्रसंग लिहिताना आमचा हात तिथेच थांबला. नियमानं हे शिकवलं असं म्हणणार नाही; नियमानं तिथे थांबायला लावलं, एवढंच.

आता 'माता' आणि 'पिता' पाहा. दोन्ही गेले, बापही गेला. जननी आणि तात उरतात. जनक म्हणावं तर सासऱ्याशी घोटाळा. इथे आम्हाला एक फ्रेंच पुस्तक आठवतं. जॉर्ज पेरेक या लेखकानं 1969 साली एक पूर्ण कादंबरी फ्रेंचमधलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं 'ई' हे अक्षर टाळून लिहिली. ते अक्षर नसेल तर फ्रेंचमध्ये आई लिहिता येत नाही, वडील लिहिता येत नाहीत, स्वतः पेरेकला आपलं नावसुद्धा लिहिता येत नाही. त्याचे वडील 1940 साली युद्धात मारले गेले. आई 1943 साली ऑश्विट्झला पाठवली गेली, ती परतली नाही. पुस्तकात दुःखाची वर्णनं शोधत बसू नका. शब्द जिथे असायला हवे होते तिथे नाहीत.

आपल्याकडे हा खेळ फार जुना. दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रेयसीनं चावल्यामुळे त्याचे ओठ दुखताहेत. कथेतच कारण ठेवलं, म्हणजे ऐकणारा नियमाकडे कौतुकानं बघतो. मोरोपंतांचं कारण वेगळं असावं, असं आम्हाला वाटतं. ज्या श्रोत्यांसमोर ते बसत त्यांना रामकथा पाठ होती. सेतू बांधणार, रावण मरणार, सगळं ठाऊक. गोष्टीत नवं काही राहिलेलं नाही आणि ती सोडायचीही नाही, अशा वेळी सांगण्याची वाट अरुंद करून घ्यायची. आर्येच्या मात्रांचं बंधन तर होतंच, बारा-अठरा, बारा-पंधरा. गीती असेल तर शेवटीही अठरा. त्यावर हे आणखी एक.

सगळी रामायणं यानं तरली का? नाही. काही निव्वळ कोरडी आहेत, नियम पाळला गेला आणि कविता राहून गेली. मोरोपंतांचे भक्त रागावतील, पण केकावलीत देवाला मारलेली हाक या कसरतींपैकी बहुतेकींत ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण हल्ली 'बंधनातून प्रतिभा फुलते' असं फार सहज म्हणतात. कुणाचं बंधन? कांटच्या भाषेत सांगायचं तर, स्वतः स्वतःला दिलेला नियम आणि दुसऱ्यानं लादलेला नियम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या आजोबांचं नाव सोमवाराशी जुळणारं. म्हणून आजी कधी सोमवार म्हणत नसे, 'शंकराचा वार' म्हणायची. उखाणे तिला शंभरेक येत, काही तिनेच रचलेले, आणि चांगले होते. पण त्या चांगल्या उखाण्यांसाठी नाव न घेण्याच्या रीतीचे आभार मानायला आम्ही तयार नाही. मोरोपंतांनी निरोष्ठरामायण संपवलं आणि दुसऱ्या रामायणात हवं तितक्या वेळा राम म्हटलं. आजीला ती मोकळीक कुणी दिली?

आजोबा गेल्यावर ती अठरा वर्षं होती. आम्ही एकदा म्हटलं, आजी, आता म्हण की सोमवार. तर म्हणाली, "आता सवय झाली रे." आणि जात्याशेजारचं सूप उचलून आत गेली.

बरं, वेळ झाली. पुढच्या खेपेला दामरामायण घेऊ. तोवर कुणी ओठ न लावता चौलावर एक आर्या करून आणली तर ऐकायला आवडेल. 'व' चालेल, 'उ'लाही सूट देऊ.